सुतार ठरवणे ते हिशोब मिटवणे : प्रकल्प नोंदी, धायरी (पुणे), जानेवारी ते एप्रिल २०२५

४ जानेवारी, शनिवार

काम एवढंच: जुन्या २ बीएचके फ्लॅटमध्ये दोन बेडरूमना प्रत्येकी ६ फूट रुंद, ७ फूट उंच कपाट, त्यावरच्या २ फुटी सिमेंटच्या माळ्याला शटर, आणि स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्याखाली १० फूट लांबीत ट्रॉल्या व शटर. बेड, टीव्ही युनिट, देव्हारा यांतलं काही नाही. यादी आजच बंद केली. काम चालू झाल्यावर सुचलेली प्रत्येक गोष्ट 'वाढीव' ठरते आणि तिचा भाव ठरवायला तेव्हा कोणाला सवड नसते.

सुताराला बोलावण्याआधी मापं घेतली, मिलिमीटरमध्ये. पहिल्या बेडरूममधलं कपाट कॉलम आणि भिंत यांच्या गाळ्यात बसणार आहे. गाळा खाली १८३६, मध्ये १८३०, वर १८२२. ओळंबा सोडल्यावर डावी भिंत सात फुटांत ११ मिमी आत आलेली दिसली. लादी खिडकीकडे ६ मिमी उतरते. म्हणजे सांगाडा १८०० चाच करायचा आणि दोन्हीकडे पट्टी भिंतीच्या रेषेप्रमाणे छिलून बसवायची. दुसऱ्या बेडरूममध्ये एक बाजू उघडी, त्यामुळे तिथे अडचण कमी, पण त्या बाजूला लॅमिनेट जास्त.

हे आकडे येणाऱ्या कोणालाही सांगायचे नाहीत. गाळा एकाच ठिकाणी टेप लावून 'सहा फूट' लिहिणारा सुतार तिथेच कळतो.

५ जानेवारी, रविवार

नावं तीन वाटांनी काढली. प्लायच्या दुकानातून एक, याच सोसायटीत चालू असलेल्या कामावरून एक, आणि पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे काम झालं त्या घरातून एक. दुकानदाराने सुचवलेला माणूस वाईट असतो असं मुळीच नाही, पण दुकान आणि सुतार यांचं कमिशन ठरलेलं असू शकतं हे धरून चालावं. शिवाय गमाच्या डब्यावर आणि लॅमिनेटवर सुतारांसाठी कुपनांच्या, पॉइंटांच्या योजना असतात. 'हाच माल घ्या' असा आग्रह झाला की कारण विचारायचं. कारण मालाबद्दल असेल तर ऐकायचं.

११ आणि १२ जानेवारी

तिघेही येऊन गेले. नोंदीत त्यांना पहिला, दुसरा, तिसरा म्हटलं आहे.

पहिल्याने टेप काढलाच नाही. मोबाइलवर फोटो दाखवले, दहा मिनिटांत भाव सांगितला: सामानासह १,३५० रुपये फूट (भावातला 'फूट' म्हणजे सगळीकडे चौरस फूट), माळ्यासह सगळं एकाच भावात. कोणता प्लाय? 'ब्रँडेड, वॉटरप्रूफ.' जाडी, ग्रेड, कंपनी, काही नाही.

दुसऱ्याने गाळा तीन ठिकाणी मोजला, गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का ते पाहिलं आणि आपणहून म्हणाला की भिंत ओळंब्यात नाही, पट्टी घ्यावी लागेल. भाव नुसत्या मजुरीचा: कपाट ४२० रुपये फूट, माळ्याची शटर २५०, ओट्याखालचं ५५०. सामान मालकाने आणायचं, यादी तो देणार.

तिसरा रोजावर: मिस्त्री १,२०० आणि मदतनीस ७००, अंदाज ३० दिवस.

तिघांना तेच चार प्रश्न विचारले. हे प्रश्न कुठेही चालतील, म्हणून उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत.

ड्रॉवरचा डबा गाळ्यापेक्षा किती लहान करायचा? बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला साडेबारा ते तेरा मिमी जागा खातो, म्हणून डबा २५ ते २६ मिमी लहान हवा. 'दोन्हीकडून अर्धा इंच' हे उत्तर चालतं. 'बघून बसवतो' हे चालत नाही.

सात फुटी शटरला ऑटो हिंज (आपोआप बंद होणारे बिजागर) किती? चार. दोन फुटांच्या माळ्याच्या शटरला दोन. 'तीनमध्ये भागतं' म्हणणारा शटर वर्षभरात उतरल्यावर तुम्हालाच फोन करायला लावतो.

शटरच्या आतल्या बाजूला काय लावणार? बाहेर १ मिमी लॅमिनेट, आत ०.८ मिमी लायनर (आतून लावायचं पातळ लॅमिनेट), हेच हवं. आत नुसता रंग मारला तर एका बाजूने प्लाय हवेतला ओलावा घेतो, दुसऱ्या बाजूने घेत नाही, आणि शटरला बाक येतो.

ओट्याखालच्या प्लायच्या कापलेल्या कडा कशाने बंद करणार? दिसणाऱ्या कडांना एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) सगळेच सांगतात. मागच्या आणि खालच्या, न दिसणाऱ्या कडांना काय, हा खरा प्रश्न आहे. पाणी तिथूनच शिरतं.

पहिला चारपैकी दोनांवर अडला. दुसऱ्याने चारही नीट सांगितले आणि हिंजच्या बाबतीत उलट विचारलं की शटर पूर्ण झाकणारं हवं की आत बसणारं. त्यावर हिंजचा क्रँक (त्याच्या मानेचा बाक) शून्य, आठ की सोळा ते ठरतं. तिसऱ्याला सगळं येत होतं, हाताने काम करणारा माणूस आहे हे बोटांवरूनच दिसत होतं. त्याची अडचण हिशोबाच्या पद्धतीची आहे, पुढे लिहिली आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचे दोन दिवस सोडून दुसऱ्या आणि तिसऱ्याची जुनी कामं पाहिली. अट एकच होती: काम किमान दोन वर्षं वापरातलं हवं. ताजं काम कोणाचंही चांगलंच दिसतं.

तिथे काय पाहायचं: शटर बंद करून दोन शटरांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. ड्रॉवर पूर्ण ओढून तळाला हात लावायचा. तळाचा प्लाय बाजूंच्या खाचेत सरकवलेला आहे की खालून चुका मारून अडकवलाय. चुका असतील तर कपड्यांच्या वजनाने तळ लोंबतो. हिंजच्या सगळ्या भोकांत स्क्रू आहेत का. सिंकखालच्या शटरची खालची कड फुगली आहे का. आणि घरातल्या माणसाला एकच विचारायचं: शेवटचं किरकोळ काम राहिलं होतं तेव्हा तो परत आला का?

दुसऱ्याच्या कामात सिंकखालची एक कड फुगलेली होती, बाकी ठीक. परत आला होता, दोन फोननंतर. तिसऱ्याचं काम जास्त सफाईदार होतं, पण ठरल्यापेक्षा तीन आठवडे जास्त चाललं होतं.

१८ जानेवारी, शनिवार

तिन्ही भाव एका पानावर आणले. फुटाचा भाव तुलनेला निरुपयोगी असतो, कारण एकाच्या फुटात प्लाय आहे, दुसऱ्याच्या फुटात नाही, आणि पहिला माळ्याचा फूटही कपाटाच्या भावात मोजतो. तुलना करायची तर शीट मोजाव्या लागतात.

एका कपाटाचा हिशोब असा. शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी, ३२ चौरस फूट. तीन खणांना चार उभ्या बाजू. एका शीटमध्ये दोन निघतात, म्हणजे २ शीट. वरची आणि खालची फळी मिळून १. आतल्या सात फळ्या, एका शीटमध्ये आठ बसतात, म्हणजे १. दोन फूट रुंदीची तीन शटर म्हणजे दीड शीट, उरलेल्या अर्ध्या शीटमध्ये माळ्याची तिन्ही शटर. एकूण १८ मिमीच्या ६ शीट. पाठीला ६ मिमी प्लाय दीड शीट.

लायनर जास्त लागतो आणि इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो. उभ्या बाजूंचे आतले सहा चेहरे म्हणजे ३ शीट, वर-खाली १, फळ्यांचे चौदा चेहरे पावणेदोन, पाठ दीड, शटरची आतली बाजू २. सव्वानऊ. दोन कपाटांना १९ धरायचे. बाहेरचं १ मिमी लॅमिनेट पहिल्या कपाटाला २, उघड्या बाजूच्या दुसऱ्याला अडीच.

ओट्याखाली १८ मिमीच्या ३ शीट, ६ मिमीची १, लॅमिनेट १, लायनर ३. चार ड्रॉवरच्या बाजूंना १२ मिमीची एक शीट पुरून उरते.

आता पैसे. कपाटांना बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) ग्रेड ७८ रुपये फुटाने १२ शीट, २९,९५२. ओट्याखाली आयएस ७१० (मरीन प्लाय), १०५ रुपये फुटाने ३ शीट, १०,०८०. सहा मिमीच्या ४ शीट ५,३७६, बारा मिमीची एक १,८५६. लॅमिनेट ६ नग ९,९००, लायनर २२ नग १६,५००. हिंज ४४, चॅनल ८ जोड, स्टीलच्या ट्रॉल्या ४, हँडल-कुलपं, गम २५ किलो, स्क्रू, एज बँड, पॉलिश पेपर मिळून ३०,६३०. टेम्पो आणि हमाली ३,५००. एकूण सामान १,०७,७९४, दुकानाच्या पक्क्या बिलाच्या भावाने, जीएसटी धरून. दुसऱ्याची मजुरी: ८४ फूट कपाट ३५,२८०, माळा २४ फूट ६,०००, ओटा २५ फूट (१० बाय अडीच) १३,७५०, म्हणजे ५५,०३०. दोन्ही मिळून १,६२,८२४.

पहिल्याचा भाव १३३ फुटांना १,७९,५५०. फरक १६,७२६. सामान आणण्याची धावपळ, नासधूस आणि नफा धरून हा फरक अवाजवी नाही. पहिला महाग म्हणून नाकारलेला नाही. तो नाकारला कारण त्याच्या 'ब्रँडेड वॉटरप्रूफ'मध्ये एमआर ग्रेडचा (फक्त दमटपणा सोसणारा) ५५ रुपयांचा प्लायही बसतो आणि आयएस ७१० सुद्धा. फक्त तेवढ्या बदलात त्याला १३,६३२ रुपये वाचतात, आणि लॅमिनेट चढल्यावर आतला प्लाय कोणी ओळखू शकत नाही. तोच माणूस ग्रेड, जाडी आणि कंपनी लिहून द्यायला तयार असता तर त्याला काम देण्यात काही चूक नव्हती.

तिसऱ्याचे ३० दिवस म्हणजे ५७,०००, कागदावर दुसऱ्याच्या जवळच. पण रोजावर दिवस वाढण्याचा सगळा भार मालकावर येतो, आणि याच्या जुन्या कामात दिवस वाढलेलेच होते. दुरुस्ती, जुनी दारं, अंदाज न येणारी कामं रोजावर द्यावीत. मोजता येणारं नवं काम उक्तंच (ठरलेल्या भावात) द्यावं. नाव राखून ठेवलं आहे. मुख्य दार खाली घासतंय त्याला हाच माणूस.

२० ते २२ जानेवारी

दुसऱ्याला थेट मोठं काम न देता चप्पलांचं कपाट दिलं: ३० बाय ३६ इंच, खोली १२ इंच, दोन शटर, एक ड्रॉवर. मजुरी ३,२००, माल एक शीट. दोन दिवसांत झालं.

तपासणी: दोन्ही कर्ण मोजले, फरक २ मिमी. चांगलं. ड्रॉवरचा तळ खाचेत. एज बँड जास्तीचा छिलताना एका कोपऱ्यात लॅमिनेटला पटाशी लागली, ती त्याने स्वतः दाखवली. ही नोंद महत्त्वाची, कारण चूक झाकणारा कारागीर मोठ्या कामात पंधरा ठिकाणी चुका झाकतो.

न आवडलेलं एक: हातातला मार्बल कटर प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवून त्याचाच टेबल सॉ केला होता, पात्यावर आडोसा नाही. असं सर्रास चालतं आणि बोटं त्यातच जातात. मोठ्या कामासाठी नीट टेबल सॉ आणायचा, नाहीतर मोठं कटिंग दुकानात पॅनल सॉवर (शीट सरळ कापणाऱ्या यंत्रावर) करून घ्यायचं, अशी अट घातली. त्याने दुकानातलं कटिंग निवडलं. फायदा दोघांचाही: घरात भुसा कमी, कड सरळ.

२४ जानेवारी, शुक्रवार

साध्या कागदावर करार, दोघांच्या सह्या. कलमं: मोजमाप समोरच्या क्षेत्रफळाचं, रुंदी गुणिले उंची, पट्टीसह. स्क्रू, गम, पॉलिश पेपर मालकाचे. पाती, बिट, हत्यारं सुताराची. कामावर स्वतः मिस्त्री असायला हवा, माणूस बदलला तर आधी सांगायचं. वाढीव काम लिहून आणि भाव ठरवूनच. काम ८ मार्चपर्यंत पूर्ण, कारण १३ मार्चला होळी आहे आणि त्याचे दोन्ही कारागीर गोरखपूरकडचे. होळीला गेलेला माणूस कधी परत येईल ते तोही सांगू शकत नाही.

पैसे: उचल ५,५००, सांगाडे उभे राहिले की १६,५००, शटर लागली की १६,५००, काम पूर्ण झाल्यावर ११,०००, आणि ५,५३० काम संपल्यानंतर चार आठवड्यांनी. उचल एक दशांशाच्या आसपासच ठेवली. सामान मालकाचं असताना सुताराला मोठ्या उचलीची गरज नसते. मागत असेल तर ती आधीच्या कुठल्यातरी कामाचं भोक बुजवायला असते.

सोसायटीत कारागिरांची ओळखपत्रं आणि अनामत भरली. आवाजाचं काम सकाळी १० ते संध्याकाळी ६, रविवारी बंद. हे दिवस मोजताना धरले नाहीत तर तारीख पहिल्याच आठवड्यात चुकते.

२५ जानेवारी, शनिवार

प्लाय खरेदी, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून. सुतार बरोबर होता, पण माल निवडला मापाने.

प्रत्येक शीटवर आयएसआय चिन्ह, मानक क्रमांक आणि सीएम/एल परवाना क्रमांक पाहिला. प्लायला आयएस ३०३, मरीनला आयएस ७१०. परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. एका दुकानातला '७१०' छापलेला माल तिथे जुळला नाही, तो सोडला.

व्हर्नियरने जाडी: १८ म्हणून दाखवलेल्यातल्या दोन शीट १६.८ निघाल्या. परत. कडेने पाहिलं तर थरांमध्ये पोकळी किंवा एकावर एक चढलेला थर दिसतो. शीट आडवी उचलून मध्ये बोटाच्या पेराने टोला मारत जायचं. पोकळ जागी आवाज बदलतो.

मानकाप्रमाणे ७१० चा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा, बीडब्ल्यूआरचा ८ तास. एमआरला ६० अंशांच्या पाण्यात ३ तासांचीच कसोटी आहे. घरी एवढं कोणी करत नाही, पण तळहाताएवढा तुकडा चार तास उकळला तरी खोटा माल थर सोडतो. दुकानदाराकडून नमुन्याचा तुकडा घेऊन कालच केलं होतं. टिकला.

शटरला ब्लॉकबोर्ड की प्लाय यावर चर्चा झाली. ब्लॉकबोर्डमध्ये आतल्या पट्ट्या लांबीच्या दिशेने असतात, उंच शटर सरळ राहतं, हा त्याचा मुद्दा खरा. पण हिंजच्या ३५ मिमी कपाचं भोक दोन पट्ट्यांमधल्या फटीवर आलं तर स्क्रू पकडत नाही. प्लायच ठेवला.

१८ मिमीची एक शीट जादा घेतली. न कापलेली शीट परत घेण्याचं दुकानदाराने बिलावर लिहून दिलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सोमवारी कटिंग होऊन माल आला. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खोलीचं आणि जागेचं नाव. लादीवर प्लास्टिक, त्यावर जुने कोरोगेटेड पुठ्ठे. उद्या अमावास्या, काम बंद. सुतारकामात अमावास्येची सुट्टी पाळतात, हे दिवसांच्या हिशोबात आधीच धरलं होतं. यंदा मौनी अमावास्या आणि प्रयागचा कुंभ. एक कारागीर तिकडे निघालाच.

३१ जानेवारी, शुक्रवार

कुंभाला गेलेल्याच्या जागी न सांगता नवीन पोरगा. गुण्या न लावता बाजू जोडत होता. पहिल्या सांगाड्याचा कर्ण मोजला: फरक ९ मिमी. अशा सांगाड्यावर शटर कितीही फिरवलं तरी फट सारखी होत नाही, कारण हिंजची खालीवर-आतबाहेर फिरवण्याची सोय काही मिलिमीटरांचीच असते. मिस्त्रीला बोलावून करारातलं कलम दाखवलं. वाद झाला नाही. सांगाडा सोडवून पुन्हा जोडला, फरक २ वर आणला. गम सुकायच्या आत पाहिलं म्हणून सुटला; दुसऱ्या दिवशी पाहिलं असतं तर बाजू फुटल्या असत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही सांगाडे उभे. पाया वेगळा केला होता, १०० मिमी उंच, तो आधी लेव्हलमध्ये बसवून मग सांगाडा त्यावर. लादीचा ६ मिमी उतार पायाच्या खालच्या पाचरींनी काढला. पाया सांगाड्यातच धरला असता तर पूर्ण कपाट घासावं लागलं असतं. १६,५०० दिले.

१० फेब्रुवारी, सोमवार

घोळ. शनिवारी शटरना बाहेरचं लॅमिनेट चिकटवलं, लायनर कमी पडले म्हणून आतली बाजू उघडी ठेवून शटर भिंतीला टेकवून ठेवली. आज एका शटरला सरळ पट्टी लावली तर मध्ये ७ मिमी बाक, दोनांना ३.

कारण साधं आहे. पाण्यातला गम एका बाजूने प्लायला ओलं करतो, लॅमिनेट ती बाजू बंद करतं, आणि उघडी बाजू वेगळ्या गतीने सुकते. त्यात तिरकं टेकवणं म्हणजे बाकाला आमंत्रण. नियम असा की दोन्ही बाजू एकाच दिवशी चिकटवायच्या आणि शटर सपाट, एकावर एक, वजनाखाली निदान २४ तास ठेवायची.

लायनर कमी पडले ते आमच्या यादीत नव्हे, दुकानातून तीन नग कमी आले आणि कोणी मोजले नाहीत. चलनावर सही करण्याआधी नग मोजणं हे मालकाचं काम. ३ मिमीवाली दोन शटर लायनर चिकटवून वजनाखाली गेली. ७ वालं बाद करून जादा शीटमधून नवीन कापलं. तेवढ्यासाठीच जादा शीट असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सपाट ठेवलेली दोन्ही शटर सरळ, १ मिमीच्या आत. गमाचा खप एका लॅमिनेट शीटला सहाशे ते साडेसातशे ग्रॅम. त्याहून कमी लागला तर मध्ये फुगे येतात: बोट फिरवलं की कोरडा आवाज. एक फुगा सापडला, सुई टोचून गम भरून दाबला.

हिंजचे कप जिग (भोकाची जागा धरणारा साचा) लावून पाडले, कडेपासून ५ मिमी सोडून, खोली १२ ते १३. शटरला स्क्रू पाच अष्टमांश इंची. इंची स्क्रू मारला तर समोरच्या लॅमिनेटवर फोड येतो आणि त्यावर इलाज नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कपाटांची शटर लागली, दुसरा हप्ता दिला. बाजूच्या पट्ट्या भिंतीला छान भिडल्या. पट्टी वर अरुंद आणि खाली रुंद आहे, पण डोळ्याला रेषा सरळच वाटते. शिवजयंतीचा दिवस बंद होता.

ओट्याखाली सुरुवात. प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडांना, मागच्या आणि खालच्यासुद्धा, आधी गमाचा पातळ हात आणि मग ऑइल पेंटचे दोन हात. त्याच्याच जुन्या कामात कड फुगली होती, हे त्याला आठवण करून दिलं तेव्हा त्याने स्वतःच तिसरा हात दिला. सिंकखाली पाठ लावली नाही; पाइप गळला तर दिसला पाहिजे आणि प्लंबरचा हात पोचला पाहिजे. सिलिंडरच्या शटरला खाली आणि वर जाळी, हवा खेळायला.

ट्रॉल्यांच्या गाळ्यात एक चूक: ओट्याचा कडप्पा उभा आहे तिथे गाळा मागे ८ मिमी अरुंद. चॅनल मागे अडकत होता. बाजूच्या प्लायमागे पाचर घालून चॅनल समांतर केला. समोर आणि मागे दोन्हीकडे गाळा न मोजता ट्रॉलीची ऑर्डर देऊ नये.

३ मार्च, सोमवार

महाशिवरात्र आणि दुसऱ्या दिवशीची अमावास्या असे दोन दिवस गेले. आज शेवटची यादी, दोघांनी मिळून फिरून केली: ड्रॉवर क्रमांक २ उजवीकडे घासतो, माळ्याचं मधलं शटर २ मिमी खाली, एका हँडलचा स्क्रू आत टोचतो, पहिल्या कपाटाच्या वरच्या पट्टीत भिंतीकडे फट, सिलिकॉन भरायचं. अकरा मुद्दे निघाले. तोंडी सांगितलेले मुद्दे चार लक्षात राहतात, म्हणून कागद दारावर चिकटवला.

८ मार्च, शनिवार

अकरापैकी दहा पूर्ण. मोजमाप दोघांनी टेप धरून केलं. ओटा १० नव्हे, ९ फूट ८ इंच निघाला; ४५८ रुपये कमी धरायचे. सुताराने आरसा बसवल्याचे ६०० लिहून ठेवले होते, भाव आधी ठरलेला, ते मान्य. ११,००० आणि वरचे १४२ दिले.

१८ मिमीच्या १६ शीटपैकी १६ वापरल्या, जादाचीही. शटरचं प्रकरण झालं नसतं तर एक परत गेली असती. लायनर एक उरला.

१२ मार्च, बुधवार

अकरावा मुद्दा, माळ्याचं शटर, आज झाला. कारागीर रात्रीच्या गाडीने गावी.

५ एप्रिल, शनिवार

चौथा आठवडा भरतो म्हणून तपासणी. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत दोन शटरांमधली फट अर्ध्या मिमीने वाढली, हे चालतं. दोन हिंजचे स्क्रू सैल झाले होते. ड्रॉवरमध्ये कपड्यांचं पूर्ण वजन आल्यावर एक चॅनल किंचित खाली आला, त्याला एकच स्क्रू मागे मारलेला, दुसऱ्याची जागा रिकामी. आज येऊन मारून गेला, पंचवीस मिनिटांचं काम. ५,५३० दिले. जाताना मुख्य दाराची खालची कड कोण घासणार म्हणून त्याने विचारलं. ते तिसऱ्याला दिलंय, सोमवारी येतोय.